आमच्या गल्लीतली हॅलोवीन

आज संध्याकाळी लातूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर लेकरांची बैठक भरली. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन, म्हणजे परदेशातला भुताखेतांचा सण, करायचं ठरलंय! आमच्या आईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग मी त्यांना सांगितलं, आयर्लंडकडच्या जुन्या साविन (Samhain) सणातून हे आलंय, त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे घराकडं येतात असं तिथले लोक मानायचे. आई म्हणाल्या, "म्हणजे आपला पितृपाटाच की." आणि मग स्वतःच मुंज्याची गोष्ट सांगायचं कबूल केलं.

तिकडं पूर्वी सलगम कोरून दिवे करायचे, भोपळा आला अमेरिकेत. आपल्याकडं लाल भोपळा मिळतोच. कोरायचं काम मोठ्यांनीच करायचं, आतला गर किसून घारगे. दिवा मात्र बॅटरीचाच, लेकरांच्या अंगावर भुताचे लोंबते कपडे असणार, मेणबत्ती नकोच.

सगळ्यात जास्त हशा झाला तो डोळे बांधून ओळखायच्या खेळावर. भिजवलेला साबुदाणा म्हणजे बेडकाची अंडी, उकडलेल्या गार शेवया म्हणजे भुताची आतडी! घरोघरी जाऊन खाऊ मागायचा, पण आधी भोंडल्यासारखी खिरापत ओळखायची, ही कल्पना एका चौथीतल्या पोरीची. मला ती फार आवडली. अगदी लहानांसाठी हसरी भुतंच ठेवू, रात्री कुणी दचकून उठायला नको.

गल्लीतल्या ताई-वहिनींनो, जुनी पांढरी धोतरं, काळ्या ओढण्या असतील तर रविवारपर्यंत पाठवा. शेंगदाण्याचे लाडू कोण करतंय?