दगड उघडा करायची हौस

आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, इमारत समितीत मी आहे. स्थापत्य अभियंता असल्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. चर्चची डागडुजी निघाली आणि बैठकीत एका काकांनी सूचना मांडली, "सगळा गिलावा काढून टाकू या. आतला दगड दिसू दे. ओल्ड गोव्याचं बॉम जीझस चर्च बघा, कसं भारदस्त वाटतं!" बऱ्याच माना डोलल्या.

मला बोलावंच लागलं. काका, बॉम जीझस मुळात तसं नव्हतंच. 1594 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1605 मध्ये चर्चचा अभिषेक झाला, आणि पुढची साडेतीनशे वर्षं ते चुन्याच्या गिलाव्यात होतं. 1950च्या दशकात, गोव्यात पोर्तुगीज असतानाच, बाल्ताझार कास्त्रो या त्यांच्याच वास्तुविशारदाने तो गिलावा उतरवला. इमारत जुनीपुराणी दिसावी म्हणून, असं सांगतात. म्हणजे सोळाव्या शतकातल्या इमारतीला म्हातारपणाचा मेकअप!

खाली जांभा आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, हे आपल्या कोकणात कुणाला सांगायला नको. पण तो भोकाभोकांचा दगड. चार महिने तिरका पाऊस बसला की पाणी पितो आणि हळूहळू झडत जातो. झिजायचं ते गिलाव्याने झिजावं, दगडाने नाही, म्हणून तर तो चढवलेला असतो. रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल पांढरंशुभ्र उभं आहे. तेही पाहून या म्हटलं.

बॉम जीझसला गिलावा परत चढवावा का, यावर गोव्यात कडाक्याचा वाद आहे. लोकांना तो लाल चेहराच आपला वाटतो, आणि त्यांची माया मला कळते. तरी माझं मत विचाराल तर चढवावा. तिथे निदान पुरातत्त्व खातं आहे, 1986 पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, चार जाणकार भांडायला तरी आहेत. आमच्या चर्चवर कुठल्याच खात्याचा फलक नाही. फादर, समिती आणि देणगीदार यांच्या मनात येईल ते होऊ शकतं, आणि मला भीती आहे ती याचीच.

बॉम जीझसच्या दर्शनी भागातल्या कोरीव कामाचा काळा दगड आपल्या वसईहून नेलेला आहे, हे सांगितल्यावर काका जरा खुलले. मग गिलाव्याचा विषय शांतपणे बोलता आला.

आमच्या उत्तरेच्या भिंतीला मागे कुणीतरी सिमेंट फासलं आहे. बाहेरून गुळगुळीत, आतून लोणा, म्हणजे ओलीमुळे फुटून आलेले क्षार. जाड भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटने ती कोंडली जाते. ते सिमेंट काढून भिंत आधी सुकू द्यायची, मग मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, असं ठरलं. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधणं हे वेगळंच प्रकरण. त्याच्याही आधी पन्हळी बदलायच्या. छपराचं पाणी भिंतीवर येत असताना गिलाव्यावर चर्चा करणं हा निव्वळ टाइमपास आहे.

दुसरा विषय संतांच्या जुन्या लाकडी पुतळ्यांचा. सणाआधी ऑइल पेंट मारू या, असा आग्रह होता. इथे मला चर्चचा कायदाच कामी आला. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतलं 1189 वं कलम सांगतं की प्राचीनता, कला किंवा भक्तीमुळे मौल्यवान असलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय करायची नाही, आणि त्यांनीही आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा. फादरांना ते कलम ठाऊक होतं. ते हसून म्हणाले, "बिशप हाउसला पत्र मी लिहितो, पुतळ्यांचे फोटो तुम्ही काढा." रंगाचा डबा तूर्त स्टोअररूममध्ये गेला.

राहता राहिली फरशी. एका कुटुंबाला आईवडिलांच्या स्मरणार्थ चकचकीत ग्रॅनाइट द्यायचं आहे. त्यांना नकार देणं फार जड जाणार आहे. त्याच पैशात छपराचे वाळवी लागलेले वासे बदलता येतील, असं मी सुचवणार आहे. वाशांवर नावाची पाटी कुठे लावणार, हा प्रश्न येईलच. मी तर म्हणतो, दाराजवळ लावू.