बाई, जाऊ का?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा आपल्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा माझा फोन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होता, आमच्याकडे फोन फक्त रविवारी दुपारी हातात मिळतो, त्यामुळे शेवटची तारीख उलटून गेल्यावर मी तो वाचला, आणि तरीही संपादक बाईंनी जागा राखून ठेवली, त्यांचे आधी आभार. बऱ्याच जणांना माहीत नसेल मी सध्या कुठे आहे ते. मी सेमिनरीत आहे, कॅथलिक फादर व्हायचं शिक्षण घेतोय, वय ४४, वर्गातले बाकीचे तेवीस-चोवीसचे. हो, तोच मी, मागच्या बाकावरचा, ज्याचं आणि बडोद्याच्या राजघराण्याचं आडनाव एकच असल्यामुळे हजेरीला "राजे, उभे राहा" व्हायचं. वडील रेल्वेत फिटर, नगर जिल्ह्यातून बडोद्याला आलेले, त्यामुळे राजेपण हजेरीपुरतंच.

दांडिया बाजारात आपल्या बॅचचा एकजण भेटला, म्हणाला, "अरे, वानप्रस्थ घेतलास की काय?" म्हटलं, बाबा, त्याच्या आधी गृहस्थाश्रम असतो, तोच राहिलाय. खरं म्हणजे दहावीनंतरच जायचं होतं. मग बाबा गेले, ताईचं लग्न, मकरपुरा जीआयडीसीत स्टोअरमध्ये नोकरी, शेवटी आईचं डायलिसिस, असं करत वीस-बावीस वर्षं गेली. आई गेल्यावर ३८व्या वर्षी बिशपांकडे, म्हणजे आमच्या धर्मप्रांताच्या प्रमुखांकडे, अर्ज केला. चर्चच्या कायद्यात फादर होण्यासाठी कमीत कमी २५ वर्षं वय लागतं, जास्तीत जास्त किती ते लिहिलेलं नाही, ते त्या त्या बिशपवर. व्हॅटिकनने २०१६ साली सेमिनरीच्या शिक्षणाची नवी नियमावली काढली त्यात आमच्यासारख्या मोठ्या वयाच्या लोकांसाठी वेगळा परिच्छेद आहे (वेगळी गादी मात्र नाही). रोममध्ये तर मोठ्या वयाच्या लोकांसाठी खास बीडा कॉलेज आहे, १८५२ पासूनचं. फादरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला बीड ऐकू आलं आणि वाटलं मराठवाड्यात पाठवतायत.

लोक विचारतात, लग्न नाही, पगार नाही, अवघड नाही का जात? पहाटे सव्वापाचची घंटा, प्रार्थना, मिस्सा (म्हणजे चर्चमधली रोजची मुख्य उपासना), दिवसभर लेक्चर, रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन, याची सवय होते हो. गुडघे दुखतात, तेवढंच. मला अवघड गेलं ते परवानगी मागणं.

आठवतंय ना, वर्गात दाराजवळ खिळ्याला लाकडी पट्टी टांगलेली असायची, तिच्यावर खडूने 'पास' लिहिलेलं? "बाई, जाऊ का?" म्हणून ती गळ्यात घालून जायचं आणि एकावेळी एकानेच. तशी इथे रेक्टर फादरांच्या, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांच्या, ऑफिसबाहेर वही आहे. नाव, कुठे, कशासाठी, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. नोकरीची एकोणीस वर्षं मी स्वतः गेटपास सही करत होतो, पांढरी, गुलाबी, पिवळी अशा तीन कॉप्या, आणि माझ्या सहीशिवाय गेटमधून एक बेअरिंग बाहेर जात नव्हतं, माणूसही नाही.

पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. तत्त्वज्ञानाचा तास, थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताचं एसेन्स आणि एक्झिस्टन्स (वस्तू काय आहे आणि ती आहे का) चाललेलं, सगळं इंग्रजीत, आपण मराठी मीडियमवाले, मी नोट्स मराठीत उतरवत होतो आणि माझ्या चाळिशीचा स्क्रू निघाला. काच घरंगळत पुढच्या बाकाखाली. अख्खा वर्ग खाली वाकून शोधतोय, काच मिळाली, स्क्रू नाही मिळाला. मी तडक रेक्टर फादरांकडे, रावपुऱ्यात जाऊन तासाभरात येतो म्हटलं. ते माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अगदी शांतपणे म्हणाले, "ब्रदर, आज बुधवार आहे. बाहेर जायचं ते रविवारी." झालं. एवढंच. त्यांचं काही चुकलं नव्हतं, सगळ्यांना तोच नियम. पण मी दारात उभा राहिलो आणि मला एकदम आमच्या स्टोअरमधला एक हेल्पर आठवला, मुलीचा रिझल्ट आणायला अर्धा तास सोडा म्हणून गेटपासचा कागद दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलासमोर उभा होता, आणि मी मान वर न करता आधी बेअरिंग मोजून संपवली होती. सोडलं त्याला, पण शाळा बंद झाल्यावर. तो मनुष्य इतकी वर्षं मला आठवलाही नव्हता.

चष्म्याचं मग काय झालं, तर व्यारा बाजूचा एक गामीत आदिवासी मुलगा, असेल एकोणीस वर्षांचा, "काका, लावो ने" (आणा इकडे) म्हणून चष्मा घेऊन गेला आणि कॉयरच्या गिटारच्या तुटलेल्या तारेचा तुकडा स्क्रूच्या भोकातून ओवून, पक्कडीने पिळून घेऊन आला. रविवारी मी दुकानात गेलोच नाही. तो चष्मा दीड वर्ष तसाच वापरला.

हीच पोरं बागेत कुदळ मारताना मला हसायची. बडोदा धर्मप्रांत १९६६ साली झाला, त्यातला बराच मुलूख आदिवासी पट्ट्याचा, मुलं शेतातनं आलेली, त्यांचा एक वाफा होईपर्यंत माझी अर्धी ओळ. मिस्सा गुजरातीत, उपदेश गुजरातीत. माझं गुजराती म्हणजे खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेण्यापुरतं, त्यात शवविधीला कसं बोलणार? रात्री जपमाळ मात्र अजून मराठीतच तोंडात येते, आईच्या चालीत.

एकदा वैतागून स्पिरिच्युअल डायरेक्टरांना, म्हणजे आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शक फादरांना, म्हटलं, या वयात मला झेपणार नाही. त्यांनी इग्नेशियस लोयोलाचं सांगितलं. येशूसंघ (जेझुइट फादरांचा संघ) स्थापणारा हा माणूस, आधी शिपाईगडी, तो १५२४ साली बार्सिलोनात तिशी उलटल्यावर लॅटिन व्याकरणाची बाराखडी गिरवायला बसला आणि पाठांतर करायला लागला की त्याला देवाधर्माचे विचार सुचायचे, पाठ होईचना. शेवटी गुरुजींना चर्चमध्ये गाठून त्याने शब्द दिला की दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही. माझी अडचण वेगळी, मला पाठांतराला बसलं की झोप येते.

पण इथे शाळा कामाला आली. थिऑलॉजीला (धर्मशास्त्राला) बायबलचं ग्रीक असतं, पोरं टेबल बघून घाबरली, लोगोस, लोगू, लोगो, लोगोन. मी म्हटलं, अरे ही तर विभक्ती! संस्कृतच्या बाईंनी रामः रामौ रामाः डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की झोपेत उठवलं तरी म्हणेन, आणि बायबलच्या ग्रीकला द्विवचन नाही, म्हणजे तेवढं काम कमीच. आता परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे माझ्या खोलीत. बाई, तुम्हाला मी तेव्हा काय काय नावं ठेवली होती ते इथे लिहीत नाही.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो, तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जायचास, म्हातारा झालास की दुसरा कोणी तुझी कंबर बांधून नको तिथे नेईल. लहानपणापासून ऐकत आलोय. ते वहीबद्दल आहे हे इथे आल्यावर कळलं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मी म्हणतो त्याचा माझा हप्ता बाकी होता.

समारंभाला यायचं म्हणून परवा वहीत लिहिलं. कुठे: शाळेत. कशासाठी: शाळेसाठी. रेक्टर फादरांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं (आता त्यांनाही चाळिशी लागलीय) आणि सही केली. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी, सहाच्या आत परत. त्यामुळे भाषणं लांबली तर मी मधूनच उठेन, बाईंनी रागावू नये, आणि सेव उसळ ठेवली असेल तर माझी आधी द्या.