तळाची साखर

परवा भर दुपारी कुरिअरवाला मुलगा आला. मे महिना, चौथा मजला, लिफ्ट बंद. त्याने पाणी मागितलं आणि माझ्या अंगात कुठून औदार्य संचारलं कोण जाणे, म्हटलं, थांब, सरबत करतो. घरात मी एकटाच. ग्लासात फ्रिजमधलं पाणी, त्यात बर्फ, वर अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि सगळ्यात शेवटी तीन चमचे साखर. चमच्याने दोनदा खणखण केलं आणि दिलं. त्याने एका दमात संपवलं, "मस्त होतं काका" म्हणाला, ग्लास परत दिला आणि गेला. ग्लासाच्या तळाशी साखर जशीच्या तशी. म्हणजे तो बिचारा आंबट-खारट बर्फाचं पाणी पिऊन मला मस्त म्हणाला.

यात लाजिरवाणी गोष्ट अशी की मी बीएस्सी आहे. तेही केमिस्ट्री. नोकरी बँकेत झाली ती गोष्ट वेगळी, पण द्राव्य (जे विरघळतं ते), द्रावक (ज्यात विरघळतं ते), द्रावण (दोन्ही मिळून होतं ते) हे त्रिकूट मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. शाळेत निम्मा वर्ग द्राव्य आणि द्रावक यांची अदलाबदल करायचा. माझी कधी झाली नाही. आणि साधं सरबत जमत नाही.

साखरेच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की पाण्यात जागा नव्हती असं अजिबात नाही. १०० ग्रॅम साध्या पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. पाण्याच्या दुप्पट! उकळत्या पाण्यात तर ४८० ग्रॅमच्याही वर. माझे तीन चमचे म्हणजे किस झाड की पत्ती. ही भानगड जागेची नव्हे, दाराशी होणाऱ्या गर्दीची. लोकलमध्ये आतला बोळ मोकळा असतो आणि दाराशी माणसं लोंबकळत असतात, तसं साखरेच्या ढिगाला चिकटून असलेलं पाणी साखरेने गच्च भरतं, जड होतं आणि तळाशीच बसून राहतं. वरच्या पाण्याला पत्ताच नाही. चमचा म्हणजे "अंदर चलो, अंदर चलो" असं ओरडणारा तो गृहस्थ. त्याच्यामुळे डब्यात एक माणूसही जास्त मावत नाही, फक्त लवकर मावतात. आणि बर्फाच्या पाण्यात सगळंच संथ, सकाळी नऊच्या लोकलने रविवारच्या वेळापत्रकाने धावावं तसं.

माझं आजोळ पेणचं. तिथे आजी साखरेचा पाक करायची तेव्हा स्वयंपाकघरात बोलायचीसुद्धा चोरी. मळी काढायला चमचाभर दूध, मग बोटांच्या चिमटीत तार बघणं, आणि शेवटी लिंबाचे चार थेंब. "नाहीतर पाक रुसतो," म्हणायची. रुसतो म्हणजे त्याची परत साखर होते. पुढे कॉलेजात कळलं की आंबटामुळे थोडी साखर फुटून तिचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि हे उपरे मध्ये घुसले की बाकीच्या साखरेला रांग धरून खडे होणं जमत नाही. मी मोठ्या उत्साहाने हे आजीला समजावलं होतं. ती म्हणाली, "तेच तर मी म्हणते."

मिठाची तऱ्हा निराळी. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ, आणि तेच पाणी उकळलंत तर ३९. बस. साखर उबेला भुलते, मीठ ढिम्म. खडीसाखर करताना गरम पाक दोरे सोडून सावकाश गार होऊ दिला की खडे धरतात. मिठाला असं गार करून फसवता येत नाही, पाणीच घालवून द्यावं लागतं. म्हणून मिठागराला ऊन लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सारे क्षार मिळून जेमतेम ३५ ग्रॅम, दहातले नऊ हिस्से पाणी उडून गेलं की मग कुठे मीठ दिसायला लागतं. मॅग्नेशियमचे कडू क्षार तेव्हाही खाली बसत नाहीत, ते उरलेल्या पाण्यात राहतात. हे पाणी नीट निथळलं नाही तर तेच मिठाबरोबर घरी येतात आणि पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतात. आजीच्या बरणीतल्या खडेमिठाला आषाढात पाणी सुटायचं ते यामुळे. पण आम्हाला सांगितलेलं कारण असं, की कोणीतरी ओल्या हाताने मीठ घेतलं. कोणीतरी म्हणजे मी.

आजोळच्या माझ्या गुन्ह्यांच्या यादीत दूधही आहे. पारशांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते: आसरा मागायला आलेल्या पारशांकडे गुजरातेतल्या संजाणच्या राजाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, म्हणजे इथे जागा नाही. पारशांनी त्यात साखर घालून परत पाठवला, थेंब सांडला नाही. मी चौथीत होतो. गोष्ट ऐकली आणि दुपारी सगळे निजलेले असताना पितळी पेला गळ्यापर्यंत भरून प्रयोगाला बसलो. पहिला चमचा हळूच सोडला, दूध काठावर फुगून उभं राहिलं. दुसऱ्याला आणखी फुगलं. तिसऱ्याला ओघळ थेट चटईवर. साखर विरघळते, नाहीशी होत नाही, तिला जागा लागतेच, हे मला पाठीत धपाटा बसून कळलेलं आहे. राजाला बहुधा दोनच चमचे पाठवले असणार.

तर तो ग्लास. आधी वाटलं गरम पाणी ओतून पिऊन टाकावं. मग चमच्याने ती लिंबू लागलेली साखर खाल्ली. लहानपणी सरबत आम्ही त्यासाठीच तर प्यायचो, वरचं पाणी ही नुसती वाटेतली अडचण. थोडी तळाला चिकटून राहिली. ग्लास ओट्यावर ठेवला आणि विसरलो.

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली. मुंग्यांची रांग खिडकीपासून ग्लासापर्यंत लागली होती.

"कोण आलं होतं?"

"कुरिअरवाला. सरबत दिलं त्याला."

तिने ग्लास उचलून उजेडात धरला, तळ बघितला, माझ्याकडे बघितलं.

"बर्फ आधी घातलात ना?"