जिमच्या कार्डावरची कंबर: माझा अनुभव

त्या कार्डाचा मला अजून राग येतो. साताऱ्यात मी ज्या जिमला जाते, तिथे दर महिन्याला मापं घेऊन कार्डावर लिहितात. वजन, दंड, मांडी, सगळं सुरळीत चाललं होतं. अडलं ते कंबरेपाशी.

पहाटे अजिंक्यतारा चढत होते, संध्याकाळी व्यायाम करत होते, रात्रीचा भात बंद केला होता. सलवारीची नाडी गाठ मारून वीतभर जास्त लोंबायला लागली होती. आणि कार्डावर कंबर तीन सेंटिमीटरने वाढलेली! ट्रेनर मुलगी म्हणाली, "मॅडम, खाण्यावर कंट्रोल ठेवा." मी म्हटलं, "आधी माप कुठे घेतलंस ते सांग." तिला सांगता येईना. मागच्या वेळी दुसरीने बेंबीच्या बरंच वर टेप धरली होती, हिने नाडीच्या गाठीवरून, तेही टी-शर्टवरून. व्यायाम नुकताच संपलेला, पोटात बाटलीभर पाणी.

मग टेपच तपासायची ठरवली. मुलाची स्टीलची पट्टी नेली आणि काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. जुन्या कापडी टेपवरचा तीसचा आकडा पट्टीच्या तीसच्या चांगलाच पुढे गेला. ओढून ओढून ती ताणली होती. अशा टेपने माप कमी भरतं. माझी पहिली मापं त्या टेपने घेतलेली, हे नवीन कोऱ्या टेपने. मग तुलना कशाची कशाशी करायची? हे दाखवल्यावरही कार्डावरचा आकडा कुणी खोडला नाही. "सगळ्यांचं असंच घेतो," एवढंच उत्तर मिळालं. जी बाई हा आकडा बघून नाउमेद होऊन जिम सोडेल, तिचं काय?

माझी नणंद नर्स आहे. ती म्हणाली, "वहिनी, घरी या, मी दाखवते." बरगडीचं सगळ्यात खालचं हाड बोटाने चाचपायचं, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने ठिपका द्यायचा आणि त्यावरून टेप फिरवायची. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत हीच. टेप उघड्या अंगावर, टेकलेली पण न रुतणारी. पाठीमागे ती खाली घसरते, म्हणून आरशात बघायचं. पोट आत ओढायचं नाही. श्वास नेहमीसारखा सोडला की आकडा वाचायचा. दोनदा मोजायचं, एक सेंटिमीटरपर्यंत फरक असेल तर सरासरी घ्यायची, जास्त असेल तर परत मोजायचं.

भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. त्याच्या वर कंबर गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून मी या एका मापासाठी एवढी भांडले.

नितंबांचं माप सगळ्यात रुंद जागी. दंडाचं, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपर यांच्या मध्यावर, दर वेळी त्याच हाताचं. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, तेव्हा मापं घेऊ नका. मी पाळी संपल्यावर घेते. आणि हो, टेप फायबरग्लासची घ्या, ती ताणत नाही. शिंप्याकडचं जुनं ब्लाउजचं माप तुलनेला धरू नका, त्याला हवी ती कंबर ब्लाउजच्या बेतानं वर असते.

माझं नीट घेतलेलं माप पुढच्या महिन्यात खरंच कमी भरलं. वही घेऊन मी जिममध्ये गेले आणि ट्रेनरला पान दाखवलं. तिने फोटो काढून घेतला.

मशीनवर उभं राहून चरबीचे टक्के काढतात, तेही व्यायामानंतर लगेच काढू नका. ते अंगातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतं, आणि घाम गेला किंवा पाणी प्यायलं की तो अंदाज बदलतो.