कॅमेरा बॅगेत ठेवता येईल का?

"सगळे म्हणतात, फोटो छान काढता. मग फोटो-टूर सुरू करू का? आणि त्यासाठी कुठली लेन्स घेऊ?" मी फोटो-टूर नेते, म्हणजे फोटो काढणाऱ्यांना चांगल्या उजेडाच्या जागी घेऊन जाते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारा मनापासून विचारत असतो, त्यामुळे दोन ओळींत वाटेला लावावंसं वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

लेन्सचं राहू द्या. आधी एवढं सांगा, वर्षभर ज्याची वाट पाहिली तसा उजेड समोर पडलाय आणि तुमचा कॅमेरा बॅगेत आहे, तर चालेल तुम्हाला?

एका टूरवर पहाटेच्या काळोखात एका बाईंना ट्रायपॉडची प्लेट सापडेना. कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसते आणि ट्रायपॉडच्या डोक्यात अडकते, ती एवढीशी चकती. ती नसली की ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. माझ्याजवळ जादा प्लेट होती. दातांत टॉर्च धरून मी नाण्याने तिचा स्क्रू पिळत होते. माझ्या पाठीमागे आकाशात रंग चढत होते, ते मला फक्त बाईंच्या चेहऱ्यावर दिसले. प्लेट बसली. त्यांनी तीन फ्रेम घेतल्या. तिसरी स्क्रीनवर पाहिली आणि काही न बोलता माझा हात धरला. त्या सकाळचा माझ्याकडे एकही फोटो नाही, तरी ती सकाळ मला माझी वाटते. हे वाचून तुम्हाला हुरूप आला तर हा धंदा तुमचा. हळहळ वाटली तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण मग प्रिंट विका, क्लास घ्या, टूरच्या वाटेला जाऊ नका. सहा जणांना उजेडात उभं करून आपलाच कॅमेरा डोळ्याला लावणारा टूर लीडर मी पाहिलाय. त्याच्याबरोबर लोक पुन्हा जात नाहीत.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. गाडी थांबवून त्यांनी कॅमेरा लावला, पण उजेड मोजायचं एक्स्पोजर मीटर हाताशी येईना. चंद्राची प्रखरता त्यांना तोंडपाठ होती, तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठरवलं आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेईपर्यंत गावातल्या दफनभूमीच्या क्रूसांवरचा उजेड गेला होता. पुढे १९५५ पासून १९८१ पर्यंत त्यांनी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी कार्यशाळा घेतल्या. टूर लीडरचं काम मला या चंद्राच्या गोष्टीत दिसतं. पाहुण्याला काहीच पाठ नसतं आणि त्याने तसं असावं अशी अपेक्षाही नाही. त्याच्या वाटची पाठ केलेली माहिती तुमच्या डोक्यात हवी, म्हणजे त्याचा एकमेव क्षण हुकणार नाही. लोक पैसे देतात ते याचे.

म्हणून खरा खर्च आणि खरा वेळ जातो रेकीत. एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत, पहाटे आणि संध्याकाळी, जाऊन उभं राहायचं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. क्षितिजाच्या वर ६ अंशांपासून खाली ४ अंशांपर्यंतचा पट्टा म्हणजे साधारणपणे आपला गोल्डन अवर, मऊ सोनेरी उजेडाची वेळ. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिथे हे सगळं ४० मिनिटांत उरकतं. ६० अक्षांशावर तो तिरका घसरत जातो, तिथे मार्च किंवा सप्टेंबरमध्येसुद्धा याच्या दुप्पट वेळ मिळतो. दुसऱ्याचं वेळापत्रक उचलून आपल्या जागी लावता येत नाही ते यामुळे.

तारखाही आकाश बघून ठरवायच्या, लोकांच्या सुट्ट्या नंतर. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो आणि बघता बघता जमीन काळी पडते. आदल्या संध्याकाळी मात्र सूर्य मावळायच्या आधीच चंद्र वर असतो, जमिनीवर अजून उजेड असतो आणि दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. मी पौर्णिमेपेक्षा ही आदली संध्याकाळ धरते. आकाशगंगेसाठी अमावास्येच्या आसपास. समुद्रकिनारा असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक आधी उघडायचं, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं आणि काल मोकळा असलेला खडक आज त्याच वेळी पाण्यात असू शकतो.

रेकीला गेले की मी दगड गोळा करते. ट्रायपॉडचे पाय पसरले की जेवढी जागा लागते तेवढ्या अंतरावर एकेक दगड ठेवत जाते, आणि प्रत्येक दगडाशी बसून, उभी राहून फ्रेम बघते. शेजारच्याचं डोकं येतं का? पुढच्याचा ट्रायपॉड येतो का? जेवढ्या दगडांवरून फोटो मिळतो तेवढीच माझी बॅच. ही सवय मला पहिल्या टूरच्या चुकीने लागली. तेव्हा मी बारा जण घेतले होते आणि कडा होता सहा जणांचा. मागच्या रांगेतल्या एका काकांनी दोन-तीनदा जागा मागितली आणि मग निमूटपणे ट्रायपॉड मिटला. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण मी त्यांचे पूर्ण पैसे परत केले. बारांच्या हिशेबात वेळही बसत नाही. ४० मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला मी येणार साधारण सव्वातीन मिनिटं, आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा स्क्रीनवरचा आलेख, समजवायलाच तेवढी जातात.

पैशाचं थोडक्यात सांगते. सहा जागा असतील तर चार जण आले तरी खर्च सुटेल असा दर लावा. रेकीच्या फेऱ्या खर्चात धरा, त्या "माझा छंद" म्हणून सोडल्यात तर दोन वर्षांत दमाल. अ‍ॅडव्हान्स आणि कॅन्सलेशनचे नियम पैसे घेण्याआधी लेखी द्या. ढग आले तर पैसे परत नाहीत, पण वाट धोक्याची झाली म्हणून मी टूर रद्द केली तर पूर्ण परत, असा माझा नियम आहे. उद्यानं, स्मारकं, खासगी जमिनी इथे हौशी माणसाला असलेली मुभा धंद्याला असेलच असं नाही, ट्रायपॉडलाही वेगळी परवानगी लागू शकते. तीही लेखी घ्या.

या सगळ्याहून मला विम्याची आणि हवामानाची काळजी जास्त वाटते. १२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेतल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ पर्यटकांचा जीव गेला. पाऊस त्या घळीवर नव्हे, कितीतरी मैल वरच्या बाजूला कोसळला होता. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला मागचं पाणी, पायाखालची कडा, काही दिसत नाही. त्याच्या वाटचं तुम्हीच बघायचं असतं. मी दर अर्ध्या तासाने माणसं मोजते आणि आकाश फक्त समोरचं नाही, चारही बाजूंचं बघते.

सुरुवात लहान करा. ओळखीतले चार जण घ्या, त्यांतला एक तरी अगदी नवशिका असू द्या. एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची पहाट, बस. नफा घेऊ नका, प्रत्यक्ष खर्च मात्र वाटून घ्या, म्हणजे आकडे खरे कळतील. जादा प्लेट, जादा मेमरी कार्ड, दोन टॉर्च जवळ ठेवा. परतल्यावर "कशी झाली टूर?" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. कुठे ताटकळावं लागलं, कुठे भीती वाटली आणि कुठला फोटो हुकला, हे तीन प्रश्न प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ती वही घेऊन पुन्हा त्याच जागी एकट्याने जा, दगड पुन्हा मांडा, आणि मग दर ठरवा.