पत्र्याचा गुडघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्र्याचं काम करतो मी. आठवडाभर मशीनचे गार्ड, रविवारी 15व्या शतकातलं युरोपियन चिलखत. शेजारचे काका विचारतात, "कुठल्या लढाईला निघालायस रे?"

छातीपेक्षा गुडघाच जास्त डोकं खातो. दीड मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा पत्रा बाभळीच्या ओंडक्यातल्या खळग्यावर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडून मध्याकडे ठोकत जायचं. कडेला सुरकुती दिसली की आधी ती बसवायची. दुमडली तर पत्रा तिथंच चिरतो. ठोकून ठोकून तो कडक होतो, हातोडी उडायला लागते. मग लाल तापवून राखेत सावकाश निववायचा. गॅल्वनाइज्ड पत्रा मात्र अजिबात तापवू नका, जस्ताच्या धुरानं थंडीताप भरतो.

गुडघ्याच्या या वाटीच्या वर-खाली पट्ट्या येतात. त्या जोडणारी रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायची खिळी, आवळून बसली तर पाय वाकत नाही, म्हणून ठोकताना मध्ये पुठ्ठा घालायचा, नंतर ओढून काढायचा.

पूर्ण चिलखत साधारण 20-25 किलोचं, पण वजन अंगभर वाटलेलं असायचं. सरदाराला दोरीनं घोड्यावर चढवत, ही निव्वळ थाप.

उजवा झाला. डाव्याची कड तार घालून वळवायची बाकी आहे.