जाकीट दाखवायचंय

आमच्या लहानपणी मुलीचं लग्न काढलं की आधी तिला फोटो स्टुडिओत नेत. प्लॅस्टिकच्या फुलदाणीशेजारी उभं करायचं, मान जरा तिरकी, आणि तो फोटो पत्रिकेबरोबर पाकिटातून रवाना. पसंत पडला तर पुढे कांदेपोहे. न्यू जर्सीत राहून गेली काही वर्षं मी माझ्या जाकिटांसाठी हेच करते आहे.

इरकली लुगडी आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण यांची जाकिटं शिवते मी, गोधडीसारखा हाताने धावदोरा घालून. इथल्या मोठ्या हस्तकला मेळ्यांत नुसतं भाडं भरून स्टॉल मिळत नाही. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाचा मेळा १९७७ पासूनचा, वॉशिंग्टनचा स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेचा १९८०च्या दशकापासूनचा. तिथे परीक्षक निवडतात. आणि परीक्षक जाकिटाला हात लावत नाहीत! बऱ्याच ठिकाणी पाच फोटो मागतात, चार कपड्यांचे आणि एक स्टॉलचा, नाव कुठेही दिसता कामा नये. पूर्वी अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी स्लाइड लावून बघत. २००४ मध्ये कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणंच बंद केलं. आता सगळं संगणकावर. वर्षभराच्या शिवणकामाच्या वाट्याला काही सेकंद येतात.

पहिल्या वर्षी मी जाकीट कपाटाच्या दाराला टांगलं आणि फोनने फोटो काढले. हँगरचा आकडा दिसत होता, कोपऱ्यात इस्त्रीही. नकार आला, तो योग्यच होता.

स्टॉलच्या फोटोची तर गंमतच. स्टॉल मिळवायला स्टॉलचा फोटो हवा, आणि अजून स्टॉल मिळालेलाच नाही. मग घरासमोर दहा बाय दहा फुटांचा पांढरा तंबू ठोकला, जाकिटं टांगली. शेजारच्या आजोबांनी येऊन एकाची किंमत विचारली. तेवढीच विक्री.

शेवटी पैसे मोजून फोटोग्राफर गाठला. त्याचा स्टुडिओ पॅटरसनमध्ये, एका जुन्या रेशीम गिरणीत. या गावाला एकेकाळी सिल्क सिटी म्हणत. जिथे माग खडखडले तिथे आपला खण टांगायचा, या विचाराने मला उगीचच बरं वाटलं. मैत्रिणीची मुलगी जाकीट घालून उभी राहिली. फोटोत त्याने तिला हनुवटीखालीच कापलं. चेहरा दिसला की डोळे तिकडेच जातात, म्हणे. पाठीमागे चिमट्यांची रांग लावून जाकीट असं ताणलं, की पुढून बघावं तर अंगाबरोबर बेतलेलं.

खणाने मात्र त्याला घाम फोडला. ताणा जांभळा, बाणा हिरवा; हातात घेऊन जरा हलवलं की रंग पालटतो. कॅमेऱ्यात मात्र एकच रंग यायचा, मळकट तपकिरी. शिवाय खणाच्या बारीक नक्षीवर पडद्यात भलत्याच लाटा उठायच्या. कॅमेरा मागे घे, तिरका कर, असं तासभर चाललं. शेवटी त्याने मुलीला जाकिटाची पुढची एक बाजू किंचित उचलून धरायला सांगितलं. घडीच्या एका अंगाला जांभळा पडला, दुसऱ्याला हिरवा. मग समोरचा दिवा विझवून बाजूचा लावला, आणि धावदोऱ्याच्या प्रत्येक टाक्याखाली सावलीचा इवलासा खड्डा उमटला. माझे टाके इतके वाकडे आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "सरळ असते तर मशीनचे वाटले असते," तो म्हणाला. बिल देताना हे वाक्य कामाला आलं.

फोटो सोलापूरला आत्याला पाठवले. लुगड्याचा काठ न मोडता कापायचा कसा, हे तिनेच शिकवलेलं. तिचा लगेच व्हिडिओ कॉल.

"झकास आलेत गं. आता उलटी बाजू दाखव."

जाकीट उलटं करून फोनसमोर धरलं. स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, माझा हलणारा हात. ती चष्मा सावरत अस्तर, तुरपाई, काखेतली जोड सगळं बघत राहिली, बराच वेळ.

"डावी बाही ओढतेय. चिमटे लावून लपवलीस होय? उसव ती."

अर्जाची मुदत दोन दिवसांनी संपत होती. फोटो तसेच पाठवले, आणि बाही उसवायला घेतली.